इंजिन पुन्हा पुन्हा का तापतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की खंबाटकीच्या चढाला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. त्यातल्या कित्येक नुकत्याच गॅरेजमधून आलेल्या असतात. कुणी रेडिएटर (इंजिनातलं गरम पाणी गार करणारी जाळी) नवा टाकलेला, कुणी वॉटर पंप. तरी गाडी तापतेच, कारण पार्ट बदलायच्या आधी मालकाला एक साधी गोष्ट विचारायची राहून गेलेली असते: ही गाडी नेमकी कधी तापते? सिग्नलला, चढाला, की सुरू केल्याबरोबर? खालची बरीचशी उत्तरं त्याच धाग्यावर आहेत.

तापमानाचा काटा लाल पट्टीकडे चाललाय आणि मी आत्ता रस्त्यावर आहे. काय करू?

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा. मे महिन्यात ही शिक्षाच वाटेल, पण हीटरचा कोअर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटर. तेवढी उष्णता तो इंजिनाकडून काढून घेतो. मग जागा दिसेल तिथे गाडी बाजूला घ्या.

पुढचा निर्णय वाफ आहे की नाही यावर. वाफ नाही आणि काटा लालच्या अलीकडे आहे, तर न्यूट्रलमध्ये मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू राहू द्या. पंप आणि फॅन फिरत राहतात, काटा उतरला तर उतरतो. वाफ येतेय, लाल दिवा लागलाय, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी-रसायनाचं मिश्रण, बोलताना नुसतं "पाणी") रस्त्यावर सांडतंय किंवा सोबत बॅटरीचाही दिवा लागलाय (म्हणजे पंप फिरवणारा पट्टा तुटला असू शकतो), तर चावी तिथल्या तिथे बंद. "गॅरेज चार-पाच किलोमीटरवरच आहे" म्हणून रेटलेल्या गाड्यांची बिलं सगळ्यात मोठी होतात.

बंद केल्यावर किमान अर्धा-पाऊण तास थांबा. इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतू नका, तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. घाटात असाल तर हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून कडेला टाका. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याने तुमचं काही वाईट केलेलं नाही.

रेडिएटरची कॅप कधी उघडायची?

रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला (रबरी नळीला) हात लावता येतोय आणि दाबल्यावर तो मऊ लागतोय, तेव्हा. त्याआधी मुळीच नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं. कॅप सैल केली की दाब जातो आणि ते एका क्षणात उकळून बाहेर उसळतं. चेहरा आणि हात भाजण्याचे अपघात असेच होतात. गार झाल्यावरसुद्धा कॅपवर जाड फडकं ठेवा, तोंड लांब ठेवा, पाव वळसा फिरवून थांबा, फुस्स आवाज पूर्ण संपू द्या आणि मगच काढा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत रेडिएटरवर कॅपच नसते, दाबाची कॅप एक्स्पान्शन टँकवर (कूलंटच्या बाजूच्या टाकीवर) असते. नियम तोच.

कॅप एवढी महत्त्वाची असते?

हो, आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्टही तोच. कॅप म्हणजे नुसतं झाकण नाही, तो स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे. बहुतेक गाड्यांत ती साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवते, आकडा तिच्यावरच छापलेला असतो. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं, स्प्रिंग मेली, की हा फायदा गेला. मग १०५ अंशांवर निवांत चालू शकणारं इंजिन उकळायला लागतं. उंचावर तर अजून कठीण. महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटरवर, उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणून कॅप गेलेली गाडी पुण्यात ठीक चालते आणि पसरणीच्या चढात मान टाकते.

कॅपच्या आत एक छोटा उलटा व्हॉल्व्हही असतो. इंजिन गार होताना तो बाजूच्या टाकीतलं कूलंट परत आत ओढू देतो. तो अडकला तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो आणि टाकी भरलेली असूनही रेडिएटर रिकामा राहतो. गाडी तापायला लागली आणि कॅप कधी बदलली ते आठवत नसेल, तर आधी कॅप बदला. गाडीच्या मानाने ती अगदीच स्वस्त आहे. फक्त त्याच दाबाची घ्या. "जास्त दाबाची चांगली" म्हणून मोठ्या आकड्याची बसवली तर जुने होज फुटतात.

काटा नेहमी मध्यावर असतो. मग गाडी ठीक आहे ना?

काट्यावर फार विश्वास ठेवू नका. अनेक कंपन्या काटा मुद्दाम मध्यावर रोखून धरतात. प्रत्यक्षात तापमान ८० चं १०० झालं तरी तो हलत नाही, म्हणजे चालक घाबरत नाही. तो हलायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो. इंजिन गार असताना निळा दिवा आणि अति तापल्यावर लाल, मधलं काही कळत नाही.

यावर स्वस्त उपाय आहे. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचे दोष वाचायच्या प्लगमध्ये) बसणारं छोटं ब्लूटूथ यंत्र घ्या आणि मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान बघा. चांगल्या गाडीत ते साधारण ८५ ते १०० च्या दरम्यान खाली-वर होत राहतं. ट्रॅफिकमध्ये थोडं वर जाऊन फॅन लागला की उतरतं. एकशे दहाच्या पुढे टिकून राहत असेल तर काहीतरी बिघडलंय. एखादा आठवडा हे आकडे बघितले तरी गाडी कुठे तापते याचं उत्तर बहुतेक वेळा हाती येतं.

एक धोक्याचा प्रकार लक्षात ठेवा. काटा वर जाता जाता अचानक खाली पडला आणि बॉनेटमधून वाफ येतेय, तर गाडी गार झालेली नाही. तापमान मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत पाणीच उरलेलं नाही.

सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेला लागली की काटा खाली येतो. का?

चालत्या गाडीत समोरची हवा रेडिएटर गार करते. थांबल्यावर ते काम एकट्या फॅनचं. म्हणजे संशयित फॅन किंवा हवेची वाट.

घरी तपासा. गार इंजिन सुरू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत फॅन फिरायला हवा. एसीवर फिरतो, पण एसी बंद ठेवून इंजिन तापू दिलं तर लागत नाही, तर मोटर ठीक आहे. दोष तापमानाचा सेन्सर, त्याची वायर किंवा फॅनचा वेग कमी ठेवणाऱ्या रेझिस्टरमध्ये शोधा. दोन्ही वेळा गप्प असेल तर आधी फ्यूज, मग रिले (विजेवर चालणारा स्विच). रिलेची परीक्षा सोपी आहे. त्याच डब्यातला हॉर्नचा रिले सारखा असेल तर अदलाबदल करून बघा. शेवटी मोटरला बॅटरीवरून थेट वायर द्या. फिरली नाही तर मोटर गेली.

मोटरचा एक लबाड आजार आहे. कार्बन ब्रश झिजले की गार असताना ती छान फिरते आणि तापली की अडकते. गॅरेजला पोचेपर्यंत पुन्हा चालू! अशा वेळी फॅन बंद असताना मोटरला हलकी टिचकी मारल्यावर ती सुरू झाली तर निदान पक्कं. मारताना हात पात्यांपासून लांब ठेवा, फॅन इंजिन बंद असतानाही अचानक लागू शकतो. वायरिंगचं काम नुकतंच झालेलं असेल तर फॅन उलटा तर फिरत नाही ना हे कागदाचा तुकडा धरून बघा. बहुतेक कारमध्ये फॅन रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला असतो. तिथे हवा इंजिनाकडे ओढली गेली पाहिजे.

जुन्या जीप-पद्धतीच्या गाड्यांत आणि बऱ्याच टेम्पोंत फॅन पट्ट्यावर चालतो, काहींत मधे सिलिकॉन तेलाचा कपलिंग असतो. इंजिन बंद करून गरम असताना पातं हाताने फिरवा. भिंगरीसारखं सुटं फिरत राहिलं तर कपलिंग मेलं.

आता हवेची वाट. एसीचा कंडेन्सर (एसीची स्वतःची जाळी) रेडिएटरच्या पुढे जेमतेम बोटभर अंतरावर असतो, आणि कचरा साचतो तो या दोघांच्या मधे. पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ! ऊसतोडणीच्या हंगामात पाचटाचे तुकडे, कोकणातला लाल चिखल, रात्रीच्या प्रवासातले किडे यांचा तिथे थर बसतो. बेताच्या दाबाने, इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला तर जाळीची पानं आडवी होतात आणि वाट आणखी बंद होते. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कवच तुटलेलं असेल तर तेही बसवून घ्या. त्याच्याविना फॅन आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो.

माझं उलट आहे. गावात काही नाही, घाटात आणि हायवेला तापते.

इथे फॅनला दोष देऊन उपयोग नाही. हवा भरपूर आहे, पण इंजिन जेवढी उष्णता तयार करतंय तेवढी पाणी वाहून नेत नाही किंवा रेडिएटर बाहेर टाकत नाही. हा प्रकार निदानाला सगळ्यात किचकट, म्हणून सविस्तर.

पहिला संशय आतून चोंदलेल्या रेडिएटरवर. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या गाडीत बारीक नळ्यांमध्ये क्षार बसतात. मराठवाडा-विदर्भात जड पाण्याच्या पट्ट्यात हे फार दिसतं. तपासण्यासाठी गाडी चांगली तापवून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरवर आडवं-उभं तापमान घ्या. एका बाजूकडून दुसरीकडे ते हळूहळू उतरायला हवं. मधेच एखादा गार पट्टा लागला तर तिथून पाणी जात नाही. जुने पितळी रेडिएटर टाकी उघडून रॉडिंग करून (नळ्यांतून सळ्या घालून) साफ करता येतात. आताचे अॅल्युमिनियमचा कोअर आणि प्लास्टिकची टाकी असलेले रेडिएटर बदलणंच बरं.

दुसरा संशय खालच्या होजवर. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर मऊ पडलं किंवा आतली स्प्रिंग गंजली की वेगात तो आत ओढला जाऊन चपटा होतो आणि पाणी तुटतं. उभ्या गाडीत हे कधीच दिसत नाही. कुणाला तरी अॅक्सिलरेटर दाबून २,५००-३,००० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) धरायला सांगा आणि होजकडे बघा.

तिसरा, वॉटर पंप. बाहेरून थेंब नाही, आवाज नाही, पण आतली पाती गंजून अर्धी झालेली. साध्या पाण्यावर चाललेल्या जुन्या गाड्यांत हे सापडतं. काही पंपांत प्लास्टिकचं चक्र दांड्यावरच सैल होतं. दांडा फिरतो, चक्र नाही. पंप पट्ट्यावर असेल तर पट्टा घसरतोय का तेही बघा.

चौथं कारण लोकांना पटत नाही: खालचं आवरण. पावसाळ्यात खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरला घासून बंपरखालचं प्लास्टिक तुटतं आणि मालक म्हणतो, "जाऊ दे, नुसतं पत्र्यासारखं होतं." वेगात रेडिएटरमधून हवा खेचली जाण्यासाठी ते बसवलेलं असतं. उलट टोकाला ग्रिलपुढे लावलेला बुलगार्ड, जादा दिवे आणि मोठे हॉर्न. ते आत येणारी हवा अडवतात.

शिवाय चालवण्याची पद्धत. टपावर सामान, आत सात जण आणि चौथ्या गिअरमध्ये रडत चढवलेली गाडी तापणारच. कमी आरपीएमला पंप हळू फिरतो आणि इंजिनावर ओझं मात्र पूर्ण. एक गिअर खाली टाका, इंजिनाला मोकळं फिरू द्या. क्लच घसरतोय किंवा एखादा ब्रेक चिकटतोय का हेही बघा. घाट चढून आल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर ओझं तिथून आलंय.

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर. रेडिएटर मात्र गार!

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा आत हवा अडकलीय. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारा व्हॉल्व्ह. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, आकडा त्याच्यावर कोरलेला असतो. तो उघडला नाही तर पाणी इंजिनातच फिरत राहतं.

काढून घरच्या गॅसवर तपासता येतो. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट तारेला टांगून मधे सोडा, बाजूला थर्मामीटर. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला सुरुवात व्हावी आणि पाणी उकळायच्या आत तो बऱ्यापैकी उघडा दिसावा. नवा आणलेलाही बसवण्याआधी असाच तपासा. (पातेलं स्वयंपाकाचं वापरू नका, कूलंट विषारी असतं.) बसवताना त्यावरची छोटी हलती पिन वर ठेवायची. हवा तिथूनच निघते.

मिस्त्री म्हणतात, "थर्मोस्टॅट काढूनच टाकू, आपल्याकडे थंडी कुठे आहे?" ऐकू का?

नाही. सल्ला जुना आहे आणि एकेकाळच्या साध्या इंजिनांवर तो खपूनही गेला. आजच्या इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) कूलंटच्या तापमानावर इंधन ठरवतो. इंजिन गारच राहिलं तर तो जास्त पेट्रोल देत राहतो, मायलेज पडतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच काढला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतो आणि चढाला गाडी आणखी तापते. फॅन "डायरेक्ट" करण्याचंही (थेट वायर देऊन सतत चालू ठेवण्याचंही) तसंच. घरी पोचण्यापुरतं ठीक, कायमचा इलाज म्हणून नको. खरा दोष झाकला जातो आणि मोटर लवकर मरते.

कूलंट कमी होतं, पण जमिनीवर एक थेंब नाही. जातं कुठे?

तापलेल्या इंजिनावर पडणारा थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाळून जातो. म्हणून ओल शोधू नका, डाग शोधा. होजच्या टोकांना, पंपाच्या खालच्या छोट्या भोकाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या सांध्यावर पांढरी, हिरवी किंवा गुलाबी पापडी दिसेल. पुढच्या सीटखालचा गालिचा ओलसर आहे, काचेच्या आतून चिकट धुकं धरतंय आणि गोडसर वास येतोय, तर हीटरचा कोअर गळतोय. डिझेल गाडीत ईजीआर कूलरही (एग्झॉस्टचा काही भाग गार करून परत इंजिनात सोडणारा पार्ट) आतल्या आत गळू शकतो. पाणी एग्झॉस्टमधून जातं, बाहेर काहीच दिसत नाही, आणि दोष मात्र हेड गॅस्केटवर (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलवर) येतो. गॅस्केट काढण्याआधी डिझेलवाल्यांनी हे नक्की तपासून घ्यावं.

शोधायचा खात्रीचा मार्ग प्रेशर टेस्ट. गार इंजिनावर कॅपच्या जागी हातपंप लावून कॅपवर छापलेल्या आकड्याएवढा दाब भरतात आणि पंधरा मिनिटं बघतात. दाबाचा काटा उतरला म्हणजे गळती आहे, टॉर्च घेऊन शोधा. काम साधं आहे. ते न करता "कूलंट टाकत राहा" म्हणणारं गॅरेज बदला.

पातळी नेहमी सकाळी, गार इंजिनावर, सपाट जागी बघा. गरम असताना ती वर दिसणारच.

हेड गॅस्केट गेलंय हे कसं ओळखायचं?

सगळ्यांना भीती याचीच, आणि कधी कधी न गेलेलं गॅस्केटही भीतीपोटी बदललं जातं. एका लक्षणावर निर्णय घेऊ नका.

सकाळी, रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज दाबा. तो कडक असेल, कॅप उघडताना फुस्स होत असेल, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. कॅप काढून गार इंजिन सुरू करा. सुरुवातीला चार बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. अॅक्सिलरेटर दिल्यावर वाढत जाणारे, न थांबणारे बुडबुडे ही वाईट बातमी. एग्झॉस्टमधून इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर. थंड सकाळी येणारी थोडी वाफ यात धरू नका. सुरू करताना काही सेकंद एक सिलिंडर मिस होणं (नीट न पेटणं), कारण रात्रीतून त्यात पाणी उतरलेलं असतं.

ऑइलचं म्हणाल तर नुसत्या झाकणाखालची दुधाळ साय बघून घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती दमटपणामुळेही धरते. डिपस्टिकवरचं ऑइलच दूध घातलेल्या कॉफीसारखं झालं असेल, तर इंजिन सुरूसुद्धा करू नका. टो करून न्या.

खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी करायला सांगा. रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि त्याच्या आधारावर तुम्ही हेड उघडायला होकार देणार आहात.

हेड उघडलंच तर दोन गोष्टींवर अडून बसा. हेडचा सपाटपणा पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजून घ्या. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असेल आणि फेसिंग न करता (घासून सपाट न करता) नवं गॅस्केट बसवलं, तर तेही लवकरच जातं. आणि हेडचे बोल्ट कंपनीच्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून देणाऱ्या) आवळले पाहिजेत. ज्या इंजिनात ते एकदाच वापरायचे असतात तिथे नवे घाला. शेवटी, गॅस्केट का गेलं ते विचारा. बहुतेक वेळा ते तापण्याचं कारण नसून परिणाम असतो. मूळ दोष, मग तो फॅन असो की गळका होज, जागेवरच असला तर सगळा खर्च पाण्यात.

रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सगळं नवं. तरी तापते!

सगळ्यात आधी एअर लॉकचा विचार करा. कूलंट काढून भरताना हवेचा फुगा वरच्या भागात अडकतो आणि पंपाला पाणी पुढे ढकलता येत नाही. ओळख अशी की काटा वर आहे, पण हीटर लावला तर हवा गार येते. गाडीचं नाक चढावर ठेवा, इंजिन गार असतानाच कॅप काढा, हीटर फुल गरम, ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) असेल तर तो सैल करा आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवत हळूहळू कूलंट भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा, हमखास थोडी उतरलेली असते. काही गाड्यांना व्हॅक्यूम लावून भरावं लागतं.

तेही करून झालं असेल तर वर दिलेल्या निळ्या द्रवाच्या चाचणीकडे वळा. त्यानंतर चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एग्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा डबा). ओढ कमी झाली आहे आणि गाडी तापतेय, ही जोडी दिसली तर तिथे बघा.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. मग कूलंट हवंच कशाला, पाणी चालत नाही का?

उष्णता वाहून न्यायला साधं पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे. पण ते गंजवतं, क्षार सोडतं आणि लवकर उकळतं. आपल्या हवेत कूलंटमधल्या गंजरोधक रसायनांचं महत्त्व जास्त. ती ठरावीक काळात संपतात, म्हणून रंग चांगला दिसत असला तरी मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीला कूलंट बदलायचं. रंगावरून प्रकार ठरवू नका. हिरवं, लाल, गुलाबी हे फक्त रंग आहेत, कंपनीगणिक बदलतात. दोन वेगळ्या जातींची मिसळ झाली तर काही वेळा गाळ धरतो.

कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. रेडी-टू-यूजमध्ये पाणी घालू नका. रस्त्यात अडकलात तर इंजिन गार झाल्यावर प्यायच्या पाण्याची बाटली आत ओता, त्यात गैर काही नाही, पण घरी आल्यावर मिश्रण बदलून घ्या. सांडलेलं कूलंट धुऊन टाका. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

गळतीसाठी रेडिएटरमध्ये हळद टाकतात म्हणे?

टाकतात. ट्रकवाल्यांचा जुना तोडगा आहे आणि बारीक भोकावर तो तात्पुरता चालतोही, कारण कण तिथे जाऊन बसतात. ते कण रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही बसतात. बाजारातल्या लीक बंद करणाऱ्या बाटल्यांचंही थोडंफार तेच. आडरानात, दुसरा काही इलाज नसेल तर टाका, आणि मुक्कामी पोचल्यावर सगळी सिस्टिम फ्लश करा.

सीएनजी किट बसवल्यापासून गाडी तापते. संबंध आहे का?

असू शकतो. टाकीतला उच्च दाबाचा गॅस रेग्युलेटरमध्ये पसरताना इतका गार होतो की रेग्युलेटर गोठायला लागतो. म्हणून बऱ्याच किटमध्ये इंजिनाचं गरम कूलंट त्याच्यातून फिरवतात. त्यासाठी हीटरचे होज कापून टी-जोड घातलेले असतात. तेच क्लॅम्प गळतात, आणि बसवताना हवा काढली नसेल तर एअर लॉकही तिथेच. किटचं ट्यूनिंग बिघडून मिश्रण पातळ (हवा जास्त, गॅस कमी) झालं असेल तर ओझ्याखाली इंजिन जास्त तापतं. घाट एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर चढून आकडे ताडून बघा. फक्त गॅसवर तापत असेल तर किटवाल्याकडे जा.

चढावर एसीची हवा आपोआप गरम येते. एसी बिघडला?

कदाचित नाही. इंजिन तापायला लागलं की अनेक गाड्यांत ईसीयू एसीचा कॉम्प्रेसर स्वतःच बंद करतो. ज्यांना काटा नाही त्यांच्यासाठी ही पहिली खूण आहे. एसीत गॅस भरून घेण्याआधी कूलंट बघा.

लाल दिव्यावर दोन-तीन किलोमीटर चालवली. आता सुरू होतेय. काही झालं असेल का?

कूलंट भरून लगेच मोठ्या प्रवासाला निघू नका. ऑइल बदला, कारण अति तापलेलं ऑइल पातळ पडतं. कॉम्प्रेशनची (सिलिंडर दाब धरतात का याची) आणि वरची निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या, पुढचा महिनाभर रोज सकाळी पातळी बघा. पूर्वी नसलेला टकटक आवाज किंवा निळसर धूर दिसला तर नुकसान पिस्टन-रिंगपर्यंत गेलंय.

असं नुकसान विम्यात मिळतं का?

साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड धरलेला नसतो, त्यामुळे नुसतं तापून गेलेलं इंजिन बसत नाही. अपघातात किंवा दगड लागून रेडिएटर फुटला तर रेडिएटरचा दावा होतो. पण फुटल्यावरही गाडी रेटून इंजिन सीझ (जाम) केलं, तर ते नंतर झालेलं नुकसान म्हणून कंपनी नाकारू शकते. इंजिन प्रोटेक्टचं जादा कवच घेतलेलं असेल तर त्याची अटींची पानं वाचा, त्यातला भर बऱ्याचदा पाणी शिरण्यावर आणि ऑइल गळण्यावर असतो. रेडिएटर फुटल्याचं लक्षात येताच थांबा, जागेवरच फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या.